मार्गशीर्षातलं गुलाबी पाणी

मार्गशीर्ष लागला की बोरिवलीच्या आमच्या बाजारात नारळवाल्याभोवती बायकांचा गराडा पडतो. नारळ कानाशी धरून हलवायचा, आतलं पाणी ऐकायचं, मग शेंडी नीट आहे ना ते बघायचं, कारण कलशावर ठेवायचा नारळ शेंडीशिवाय चालत नाही. मी आता गुरुवारचा उपास करत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, एवढं निमित्त मला पुरलं. नारळ मात्र आणते. नारळवाल्याने हाताच्या सवयीने शेंडी ओढायला घेतली की मी जरा जोरातच ओरडते, "राहू दे रे, शेंडी राहू दे!" त्याला वाटतं, बाई भारी सोवळ्यातली दिसते. आता त्याला कुठे सांगत बसू की असल्याच शेंड्यांनी एका वर्षी आमच्या घराची वाट लावत आणली होती.

साल ऐंशीच्या दशकाच्या मधलं कुठलंतरी. तेव्हा आम्ही अंधेरी पश्चिमेला, खाडीच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत राहायचो. चाळीच्या मागे इंडस्ट्रियल इस्टेट, तिच्या मागे नाला, नाल्यापलीकडे तिवरं आणि तिवरांपलीकडे खाडी. मुंबईची थंडी ती काय असणार, पण सकाळी खाडीवरून वारा यायचा तेव्हा आई शाल शोधायची. त्या वाऱ्याबरोबर कोळीवाड्यात सुकत टाकलेल्या बोंबलांचा वास यायचा आणि त्यात इस्टेटमधल्या रंगाच्या गाळ्यातून निघणाऱ्या वाफेचा आंबट वास मिसळायचा. थंडी म्हटलं की लोकांना शेकोटी आणि हुरडा आठवतो. मला हा वास आठवतो. कोणी नाक मुरडलं तरी मला तो आवडायचा, कारण तो येत होता तोवर बाबांचं काम चालू होतं.

बाबा आधी गिरणीत होते, रंगखात्यात. संप झाला, फाटकाला कुलूप लागलं आणि ते कुलूप कोणी काढलंच नाही. मग बाबा घरी बसले. घरी बसलेला बाप काय करतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. घडी घातलेल्या चादरींची ते पुन्हा घडी घालायचे. स्टोव्ह बिघडलेला नसताना उघडून साफ करायचे. आईने त्यांच्या पुढ्यात भाजी चिरायला ठेवली की मला आईचा राग यायचा, आणि नाही ठेवली तर बाबांची दया यायची. अशात कोणाच्यातरी ओळखीने शांतीभाई नावाच्या कच्छी शेठच्या गाळ्यात त्यांना काम मिळालं. शांतीभाई पहिल्याच दिवशी त्यांना 'मास्टर' म्हणाले. त्या संध्याकाळी बाबा घरी आले ते शिटी वाजवत आले. आमच्या घरात शिटी वाजवणं वाईट समजत असत, पण आई त्या दिवशी काही बोलली नाही.

गाळ्यात कृत्रिम लोकर रंगायची. स्वेटर घालायची वेळ ज्या शहरात फारशी येतच नाही, तिथे हे पांढऱ्या लोकरीच्या लडी रंगवून उत्तरेकडे ट्रकने पाठवायचे. राणी, पोपटी, शेंदरी, मोरपंखी. वाफाळत्या हौदात लडी बुडायच्या, दांड्यावरून फिरायच्या आणि वर यायच्या तेव्हा त्यांच्याकडे बघून डोळे दिपायचे. कॉलेजातून येताना मी मुद्दाम गाळ्यावरून यायची. बाबांच्या नखांच्या कडा नेहमी रंगलेल्या असायच्या आणि जेवताना भातावर त्यांची बोटं बघायला मला मजा वाटायची. लोकर रंग पिऊन घ्यायची, तरी हौदात थोडा उरायचाच. तो उरलेला रंग मोरीतून नाल्यात जायचा. चाळीतली पोरं नाल्याकडे बघून सांगायची, आज मास्टरने काय काढलंय ते.

त्याच नाल्याचं पाणी खाडीत जात होतं, आणि खाडीत पारूबाईची जाळी होती.

पारूबाई आमच्या दारावर मासे घेऊन यायची. गुरुवार सोडून. टोपली उतरवायला आईने हात लावायचा, मग घासाघीस, मग एक वाटा वर, मग गप्पा, असा त्यांचा ठरलेला क्रम होता. एका सकाळी तिने टोपली उतरवलीच नाही. डोक्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "काय गो, तुजे बापसाला सांग. आमचे जाल्यांचं लगीन नाय लागलं, त्यांना गुलाबी कराला!" आई आतून हात पुसत आली. पारूबाईने पदराची गाठ सोडून जाळ्याचा तुकडा दाखवला. खरंच गुलाबी होता. "हे बग. लोक मावरं घेवाला मागत नाय. रंगाचं हाय म्हणतान." त्या दिवशी आम्ही डाळ-भात खाल्ला आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही. पारूबाईचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यामुळेच सगळं अवघड झालं होतं.

कोळीवाड्याने तक्रार केली आणि तपासायला सरकारी साहेब आला. मोरीचं तोंड बघितलं, नाला बघितला, आणि म्हणाला, "मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी परत येतो. तेव्हा नाल्यात पडणारं पाणी रंगीत दिसलं, तर गाळ्याची वीज तोडणार. मग मला बोलायचं नाही." साहेब गेल्यावर शांतीभाई बाबांना म्हणाले, "मास्टर, आपला काय, मी वापीला भावाकडे निघून जाईल. पण तुमचा काय?" घरी येऊन बाबांनी स्टोव्ह उघडला. आईने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेतली भीती मी त्याआधी एकदाच पाहिली होती, गिरणी बंद झाली तेव्हा.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते, रसायनशास्त्र घेऊन. एवढं शिकून बाबांच्या काही उपयोगी पडायचं नसेल तर काय लोणचं घालायचंय त्या शिक्षणाचं, असं मनात घेऊन मी आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांकडे गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, खास तयार केलेला कोळसा पाण्यातला रंग धरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो तुझ्या शेठला परवडायला नको का? हल्ली लोक भुसा, भाताचं तूस, उसाचं चिपाड असलं काहीबाही वापरून बघतायत. तुमच्या आसपास फुकटात काय पडलेलं असतं?"

मी म्हटलं, "भुसा. पोत्यांनी."

आणि ते खरं होतं. जवळच सिनेमाचे स्टुडिओ होते. तिथले सुतार दिवसभर महाल आणि देवळं कापत असायचे आणि संध्याकाळी त्यांच्या पायाशी भुशाचे ढीग पडायचे. बाबा सायकलवरून पोती आणायला लागले. भुसा रंग कसा धरतो ते मी त्यांना समजावून सांगितलं. रंग भुशाच्या आत विरघळत नाही, त्याच्या अंगाला बाहेरून चिकटून बसतो. लग्नघरी काही पाहुणे दारातच गप्पा मारत उभे राहतात ना, आत येत नाहीत आणि जातही नाहीत, तसं. भुशाचं अंग खरबरीत, त्याला असंख्य बारीक कोपरे, म्हणून उभं राहायला जागाही भरपूर. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे लोकरीसारख्याच. फक्त ह्यो स्वेटर कोण घालूचो नाय." मला आठवतंय, कितीतरी दिवसांनी ते असं काही बोलले होते.

पहिल्या वेळी भुसा पिंपात भरून वरून पाणी ओतलं तर खालून चहा आला. लाकडाचा स्वतःचाच रंग सुटला होता. शांतीभाईंनी वाकून बघितलं आणि मला विचारलं, "शुभाबेन, साखर किती घालायचा?" मग आम्ही भुसा गरम पाण्यात उकळून, निथळून, पुन्हा उकळून घेतला. गाळ्यात आंबट ॲसिड होतंच, त्याच्या पाण्यात भिजवला, धुतला, पत्र्यावर वाळवला. चाळीत सगळीकडे ओल्या लाकडाचा वास सुटला. येणारा-जाणारा विचारायचा, पापड घातलेत काय. त्या दिवसांतलं ऊन मला अजून डोळ्यांपुढे दिसतं, कोवळं, पत्र्यावर पसरलेलं, आणि भुसा उलथवणारे बाबा, डोक्याला पंचा बांधून. भीती होती, पण हाताला काम होतं. भीती सोसायला तेवढं पुरतं.

आता अडचण एकच राहिली. पाण्याबरोबर भुसाही खालून वाहून यायचा. तळाला काहीतरी जाळीसारखं हवं होतं, पाणी सोडणारं आणि भुसा अडवणारं. काथ्या उत्तम, सर म्हणाले. काथ्या आमच्या चाळीत पैशाला पासरी, कारण सगळी कोकणातली घरं आणि वर मार्गशीर्ष. गुरुवारी घरोघरी घट मांडलेले, घटावर नारळ. तो नारळ पुढे फोडून खायचा, पण त्याची शेंडी केरात टाकायची नाही, पायाखाली येऊ द्यायची नाही. आईने खिळ्याला कापडी पिशवी अडकवली होती आणि तिच्यात चाळभरच्या शेंड्या निर्माल्य म्हणून जमत होत्या, एकदम खाडीत सोडायला. ती पिशवी तिने मला काढून दिली.

"घे. नायतरी पाण्यातच सोडूच्यो होत्यो," ती म्हणाली. "तुझ्या पिंपात सोड. देवीचा हात तरी लागतलो."

बायकांना ही कल्पना फार आवडली. मागल्या गुरुवारच्या, त्याच्या मागल्या गुरुवारच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या शेंड्या आल्या. भुसा आम्ही इतका धुतला होता की हाताची सालं निघायची वेळ आली होती. शेंड्या मात्र तशाच्या तशा तळाला अंथरल्या. देवाच्या वस्तूला कोणी साबण लावतं का? दोन पिंपं तयार झाली. खाली शेंड्या, वर भुसा, बाजूला नळ.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी राणी रंगाचं हौदातलं पाणी निवू दिलं आणि पहिल्या पिंपात सोडलं. आम्ही सगळे नळाच्या तोंडाशी उकिडवे बसलो. आई डबा घेऊन आली होती, तीही थांबली. थोड्या वेळाने पाणी आलं. काचेच्या ग्लासात धरलं. गुलाबी. हौदाइतकं गडद नाही, पण गुलाबीच. कोणाही आंधळ्याला दिसावं असं.

शांतीभाई स्टुलावर बसले आणि म्हणाले, "खलास." बाबांनी ग्लास माझ्या हातातून घेतला, उजेडाला धरला आणि खाली ठेवला. एवढ्या पोत्यांचा भुसा, एवढं धुणं, चाळभरचा उत्साह, आणि शेवटी हा ग्लास. वीज तुटलेला गाळा मला समोर दिसायला लागला. स्टोव्ह उघडून बसलेले बाबा दिसायला लागले.

आमच्या सरांची एक सवय होती. कुठलाही प्रयोग बिघडला की ते आधी रिकामा प्रयोग करायला लावायचे. ज्यात शोधायचा पदार्थ घातलेलाच नाही असा. आम्ही पोरं त्याला कंटाळायचो. त्या दिवशी दुसरं काही सुचेना म्हणून मी दुसऱ्या, अजून न वापरलेल्या पिंपात बादलीभर नळाचं साधं पाणी ओतलं. त्यात रंगाचा थेंब नव्हता. बाबा म्हणाले, "आता ह्यां कित्याक?" मी म्हटलं, "बघू तर."

खालून गुलाबी पाणी आलं.

साधं पाणी आत गेलं होतं आणि गुलाबी होऊन बाहेर आलं होतं. म्हणजे रंग पिंपातच होता. मी पिशवीत उरलेली एक शेंडी काढली, ओली केली आणि तळहातावर चोळली. तळहात लाल झाला. आई एकदम तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगो बाये! ता कुंकू!"

चार घरच्या चार बायकांनी दर गुरुवारी हळद-कुंकू वाहिलेल्या शेंड्या त्या. हळदीचं कुंकू तेव्हाच मागे पडलं होतं. बाजारात मिळायचं ते बहुतेक रंगाचंच, पाण्यात पडलं की सुटणारं. भुशाने राणी रंग धरला होता, अगदी इमानदारीत. पण तिथून शुद्ध होऊन खाली आलेल्या पाण्याला जाता जाता चाळीतल्या सगळ्या सुवासिनी कुंकू लावत होत्या.

पहिलं हसू शांतीभाईंना फुटलं. ते हसले तेव्हा त्यांचं पोट हललं, स्टूल हललं, मग आई हसली, मग बाबा. बाबा भिंतीला टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते. मी हसत नव्हते, मी रडत होते, पण त्या गोंधळात ते कोणाच्या लक्षात आलं नाही. इतका हलकेपणा मला आयुष्यात पुढे फार वेळा वाटलेला नाही. पोरीचा ताप उतरला तेव्हा एकदा, आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा एकदा.

हसून झाल्यावर आई गंभीर झाली. शेंड्या धुवायच्या म्हणजे देवीचं कुंकू धुवायचं. "ता कोण धुवन काढता?" तिने विचारलं आणि उत्तरही तिनेच दिलं. पदर खोचला, हात जोडले, डोळे मिटून पुटपुटली, आणि गाळ्यातल्या गरम पाण्याच्या बादलीत एकेक शेंडी बुडवून खसाखसा चोळायला लागली. पाणी लालभडक झालं. ते तिने मोरीत ओतू दिलं नाही. बादल्या उचलून चाळीच्या कडेच्या जास्वंदीच्या मुळाशी रिकाम्या केल्या. देवीचा मान राहिला आणि नालाही वाचला. संध्याकाळी पिंपं पुन्हा भरली आणि हौदातलं पाणी पुन्हा सोडलं. खालून आलं ते किंचित पिवळसर होतं, लिंबाच्या सरबतासारखं. राणी कुठेही नव्हती.

पुढे मी शिकवायला लागले. भुसा, तूस, करवंटीचा कोळसा, चिंचोके, कोलंबीची सालं, कशाकशाने पाण्यातला रंग धरता येतो हे वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. सांगताना एक गोष्ट मी कधी लपवली नाही. रंग नाहीसा होत नाही. तो पाण्यातून निघतो आणि भुशात जातो, एवढंच. तो भुसा आम्ही वाळवून बॉयलरखाली जाळत होतो आणि त्याचा धूर कुठे जात होता हे विचारायला तेव्हा कोणी आलं नाही. पोरं विचारतात, मग मॅडम, उपयोग काय? मी म्हणते, पारूबाईची जाळी पांढरी राहिली. त्यांना पारूबाई कोण हे ठाऊक नसतं, मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तास संपतो.

सुटका झाल्याचा आनंद मोठा गमतीचा असतो. हातात नवीन काही आलेलं नसतं. होतं तेच राहिलेलं असतं. पण तेच ताट, तीच वाटी, तोच खिळ्याला अडकवलेला शर्ट माणूस असं बघतो जणू कोणी आत्ताच आणून दिलाय. त्या बुधवारच्या रात्री आईने गुरुवारच्या नैवेद्याच्या पुरणाची डाळ भिजत घातली आणि भांडी लावताना ती गुणगुणत होती.

गुरुवारी साहेब आला. अंगात निळा हातविणीचा स्वेटर होता, आणि एवढ्या काळजीतही बाबांनी त्याच्याकडे बघून माझ्या कानाशी म्हटलंच, "ॲक्रिलिक." मागोमाग पारूबाई आणि कोळीवाड्यातले दोघे आले. शांतीभाईंचं म्हणणं होतं, आज हौदात फिकट काहीतरी घालू, बदामी वगैरे. बाबांनी ऐकलं नाही. "खोटा दाखवन काय उपेग? मगे परत राणी काढूचीच आसा," म्हणाले, राणीच घातला आणि पहिल्या खेपेचं पाणी निववून पिंपात सोडलं. हौदातून वाफ येत होती, लडी फिरत होत्या, आणि साहेब नाकाला रुमाल लावून उभा होता.

"उघडा तो नळ," साहेब म्हणाला.

बाबांनी उघडला. साहेबाने बाटली भरली, बूच लावलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरली, फिरवून बघितली. मग हौदाकडे बघितलं, पुन्हा बाटलीकडे. पारूबाई पुढे झाली, नळाखाली ओंजळ धरली, वास घेतला, पाणी बोटांतून गळू दिलं आणि आपला तळहात उलटसुलट करून बघितला.

"भुसा वासता," ती म्हणाली. मग हात पदराला पुसत, "आज बरं हाय. पण मी रोज येऊन बगणार."

"मीही अधूनमधून येणार," साहेब म्हणाला. "चालू द्या." आणि बाटली पिशवीत टाकून तो निघून गेला. पारूबाई जाता जाता आईला म्हणाली, "शनवारी पापलेट आणतंय गो, पैसे काडून ठेव."

मग गाळ्यात फक्त आम्हीच राहिलो. शांतीभाईंनी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला हात जोडले आणि बराच वेळ जोडलेलेच ठेवले. मला वाटलं, बाबा आता खाली बसतील, काहीतरी बोलतील, निदान माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी नळ बंद केला, हात फडक्याला पुसले आणि विचारलं, "शेठ, उद्या रंग खयचो?"

शांतीभाईंनी वळून बघितलं. काम संपताना रोज हा प्रश्न विचारायची बाबांची गिरणीपासूनची सवय होती, आणि साहेब पहिल्यांदा येऊन गेल्यापासून त्यांनी तो एकदाही विचारला नव्हता. हे मला नंतर शांतीभाईंनीच सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की वळलेल्या शेठचे हात अजून जोडलेलेच आहेत.

"मोरपंखी," ते शेवटी म्हणाले.

बाबांनी मान हलवली आणि लडी भिजत घालायला आत गेले.